द्रव्यशुद्धी

मनुष्याच्या धर्मकल्पनांत शुद्धीच्या कल्पनेइतकी सर्वव्यापी, आणि तरीही इतक्या अविचाराने स्वीकारलेली कल्पना दुसरी क्वचितच सापडेल. स्नानापासून संन्यासापर्यंत आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापासून मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत आपण ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ असे दोन शिक्के हाती घेऊन वावरत असतो. परंतु ज्याला आपण अशुद्ध म्हणतो ते एकच काही आहे, की परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक गोष्टींना दिलेले ते एक सोयीचे नाव आहे, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. या प्रश्नाच्या उलगड्यासाठी मला उपनिषदांपेक्षा धुण्याचा दगड अधिक उपयोगी वाटतो, आणि यात उपनिषदांचा अनादर नाही; कारण आत्म्याच्या मळाविषयी आजवर जे काही बोलले गेले त्यातील बरीचशी भाषा वस्त्राच्या मळावरूनच उचललेली आहे, आणि उसनी आणलेली भाषा अधूनमधून मूळ धन्याकडे नेऊन पडताळून घेणे हे व्यवहाराला धरूनच आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे जे प्रकरण आहे, ते वाचताना आपण धर्मग्रंथ वाचीत नसून एखाद्या दक्ष कोठावळ्याचे दप्तर चाळीत आहोत असा भास होतो. तांबे, पितळ, कथील यांना राख, आंबट पदार्थ आणि पाणी; रेशीम आणि लोकर यांना ऊष म्हणजे खारी माती; कुतप जातीच्या कांबळ्यांना रिठे; अंशुपट्ट नावाच्या तलम वस्त्राला बेलफळ; आणि क्षौमाला, म्हणजे जवसाच्या धाग्यापासून विणलेल्या कापडाला, पांढरी मोहरी, अशी जिन्नसवार तरतूद तेथे केलेली आहे. धान्य आणि वस्त्रे यांचा साठा मोठा असेल तर नुसते पाणी शिंपडल्याने काम भागते, थोडा असेल तर मात्र धुतलाच पाहिजे, असेही एक कलम त्यात आहे. ते वाचून स्मृतिकारांनाही कोठारातील माणसांच्या कष्टांची जाणीव होती, असा दाखला मिळाल्यासारखे वाटून मला नेहमी बरे वाटते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चा चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात या शुद्धिविचाराचा विस्तार पाहावयास सापडतो. परंतु माझे लक्ष या यादीपेक्षा तिच्या शेवटी लगोलग आलेल्या दोन नियमांकडे जाते. पहिला नियम असा की, अमेध्य वस्तूचा स्पर्श झालेल्या द्रव्यावर त्या वस्तूचा वास आणि लेप जोवर उरला आहे तोवर माती आणि पाणी वापरीत राहावे. दुसरा असा की, ज्याची अशुद्धी दिसलेली नाही, ज्यावर पाणी शिंपडले आहे आणि ज्याला वाणीने प्रशस्त म्हटले आहे, अशा तीन गोष्टी देवांनी शुद्धच ठरवल्या आहेत. पहिल्या नियमात नाक आणि डोळे साक्षीला बोलावले आहेत. दुसऱ्यात त्यांना रजा दिली आहे. आपल्या शुद्धिविचाराचे पुढचे सगळे भाग्य आणि दुर्भाग्य या दोन शेजारी नियमांच्या मधल्या फटीत दडलेले आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या नियमाचा प्रांत आधी पाहू. कापडावरचा मळ हा एक पदार्थ नाही. घामातील मीठ आणि सांडलेल्या सरबतातील साखर ही पाण्यात आपोआप विरघळतात. त्यांच्यासाठी साबणाचा कणही खर्च करावा लागत नाही, आणि त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचेही कारण नाही. मातीचे तसे नाही, ती विरघळत नाही. देशावरच्या काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म आणि चपटे असतात की ते सुताच्या पिळांत खोलवर जाऊन बसतात. पाण्यात भिजलेला कापसाचा तंतू आणि मातीचा कण या दोहोंवरही ऋण विद्युद्भार असल्यामुळे ते स्वभावतः परस्परांना दूर लोटतात, आणि साबणाने हे वैर अधिकच वाढते. परंतु पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुनखडीचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर त्यांचे धनभारित कण त्या दोघांत मध्यस्थी करून समेट घडवून आणतात, आणि उलट साबणालाच धरून त्याचा निरुपयोगी चिकट साका करून टाकतात. तुकोबांनी आपल्या एका अभंगात साबणाच्या असमर्थतेचा दोष निर्मळ नसलेल्या पाण्याला दिला आहे. त्यांचा रोख अर्थातच चित्ताकडे आहे, परंतु इंद्रायणीकाठच्या या वाण्याचे निरीक्षण रसायनशाळेतही मान्य व्हावे असे आहे.

तेल, तूप आणि अंगाचा स्वाभाविक ओशटपणा यांची जात तिसरी. पाण्याला स्वतःच्याच कणांची ओढ इतकी मोठी की ते तेलाला स्पर्श करावयास तयार होत नाही. आणि येथे साबणाचे खरे कार्य सुरू होते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे धाव घेते आणि दुसरे पाण्यापासून पळून तेलात शिरते, आणि असे असंख्य रेणू तेलाच्या थराभोवती जमले म्हणजे तो थर कडेकडेने उचलला जाऊन त्याचा गोल थेंब बनतो, कापडाचा आश्रय सोडतो आणि पाण्यात तरंगू लागतो. येथे ऊन पाण्याचे साह्य मोठे, कारण थिजलेले तूप पातळ झाल्यावाचून हलत नाही. पण हेच ऊन पाणी रक्ताच्या किंवा दुधाच्या डागावर ओतले तर त्यातील प्रथिने गोठतात आणि तंतूंना कायमची चिकटून बसतात. रक्ताला थंड पाणी पाहिजे, ही गोष्ट घरोघरच्या बायकांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. त्यापुढची पायरी जर्मनीच्या ऑटो रोमने गाठली: जनावरांच्या स्वादुपिंडातून निघणारी पाचक द्रव्ये कपड्यांवरची प्रथिनेही पचवू शकतील हे ओळखून त्याने १९१३ साली त्याचे पेटंट घेतले. म्हणजे मळ काढण्यासाठी मळाला खाणारा शोधावा लागला.

मग चहा, डाळिंब, जांभूळ यांचे डाग. हे रंगांचे आहेत, त्यांना धुण्यापेक्षा त्यांचा रंगच मोडावा लागतो. लोखंडाच्या गंजाला साबण काहीच करीत नाही, त्याला लिंबाचा रस आणि मीठ लागते. आणि त्यावर कोणी उत्साहाने विरंजक चूर्ण घातले तर तो अधिकच पक्का होतो. हळदीची तऱ्हा तर सर्वांहून निराळी. पिवळ्या डागावर साबण लावताच तो लाल होतो, कारण हळदीचे द्रव्य क्षाराच्या संगतीत रंग पालटते. हळदीला क्षाराचे संस्कार करून कुंकू करतात ते याच गुणावर, तेव्हा कपाळावर जे सौभाग्य तेच धोतरावर संकट, असा हा प्रकार आहे. हा डाग शेवटी जातो तो उन्हाने. सूर्यप्रकाशात हळदीचे रंगद्रव्य टिकाव धरीत नाही.

आता यातून निघणारी गोष्ट अशी की, एका मळाचे औषध ते दुसऱ्या मळाचे खतपाणी ठरते. ऊन पाणी तुपाला सोडवते आणि रक्ताला बांधते. क्षार चिकटपणा काढतो आणि हळदीला लाल करतो. क्लोरीनयुक्त विरंजक सुती कापड पांढरे करतो, पण रेशमाला आणि लोकरीला खाऊन टाकतो, कारण ही दोन्ही वस्त्रे प्रथिनांचीच बनलेली आहेत. शिवाय मळाचे बळ एकट्या मळात नसते. कापसाच्या तंतूला पाण्याची आवड आहे म्हणून त्यावरचे तेल साबणापुढे लवकर हार मानते, पण टेरिलीनसारख्या पाण्याचा द्वेष करणाऱ्या नव्या धाग्यावर तेच तेल घर करून राहते. तेव्हा मळ ही स्वतंत्र वस्तू नसून विशिष्ट द्रव्याचा विशिष्ट वस्त्राशी जडलेला संबंध आहे, आणि शुद्धी म्हणजे तो नेमका संबंध तोडणे होय. सर्व संबंध तोडील असा कोणताही एक पदार्थ सृष्टीत नाही. स्मृतिकारांनी रिठा, बेल, मोहरी आणि खारी माती यांची वाटणी करताना हे मर्म हाताने ओळखले होते. निदान लोकरीसाठी सौम्य क्षार आणि कांबळ्यासाठी ज्याच्या फेसाने धाग्याला इजा होत नाही तो रिठा, या दोन निवडी आजच्या परीक्षेतही उत्तीर्ण होतील.

धर्माच्या इतिहासात मात्र मनुष्याची ओढ नेमकी उलट दिशेला राहिली आहे. त्याला एकच पावन करणारी वस्तू पाहिजे असते, मग ती नदी असो, पंचगव्य असो, एखादे नाम असो किंवा एखाद्या आचार्याचा हात असो. ही ओढ मी तुच्छ लेखीत नाही. थकलेल्या माणसाला शंभर डागांची शंभर औषधे सांगणे हे क्रौर्यही ठरेल. परंतु जेथे विचार करावयास फुरसत होती तेथे आपल्याच पूर्वजांनी डागांची जात पाहिली आहे, आणि या बाबतीत जैन आचार्यांइतके सूक्ष्म निरीक्षण मला दुसरीकडे आढळले नाही. दहाव्या शतकात, श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर उभारणाऱ्या आणि ज्याचे नाव त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतही कोरलेले आहे त्या चामुंडरायाच्या काळी, नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी ‘गोम्मटसार’ रचले. त्यात लोभाच्या चार प्रती सांगताना त्यांनी चार डाग निवडले आहेत: किड्यांपासून काढलेला किरमिजी रंग, गाडीच्या चाकाचे वंगण, अंगाचा मळ आणि हळद. पहिल्या प्रतीचा लोभ नरकात नेतो, दुसरा पशुयोनीत, तिसरा मनुष्ययोनीत आणि चौथा देवगतीत. आता ही यादी एखाद्या परटापुढे ठेवली तर तोही हाच क्रम लावील. हळद उन्हाने जाते. अंगाचा मळ साबणाने जातो. चाकाच्या वंगणात तेल, धूळ आणि झिजलेल्या लोखंडाची पूड असे तीन मळ एकवटलेले असल्यामुळे त्याला एक उपाय पुरत नाही. आणि किरमिजी रंग तर धाग्यावर बसलेला नसून धाग्यात मुरलेला असतो, त्याला काढू गेल्यास वस्त्र राहत नाही. लोभ एकच, परंतु तो कितपत मुरला आहे त्यावर त्याचे फळ, हा विचार केवळ उपदेशकाचा नाही, तो परीक्षकाचा आहे.

याच परंपरेतला दुसरा विचारही घाटावर पडताळून पाहण्याजोगा आहे. जैन मतानुसार कर्म हे एक सूक्ष्म द्रव्य आहे आणि ते जीवाला चिकटते. पण चिकटते का, याचे उत्तर कर्मात नाही, कषायांत म्हणजे क्रोध, मान, माया आणि लोभ यांत आहे. टीकाकार दृष्टान्त देतात तो तेल लावलेल्या अंगावर बसणाऱ्या धुळीचा. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कषायांसह होणारा आणि कषायांवाचून होणारा असे कर्मप्रवाहाचे दोन भेद केले आहेत. दुसऱ्या प्रकारचे कर्म येते आणि स्पर्श करून गळून पडते. धुण्यातल्या कापडाचे वागणे अगदी असेच असते. कोरडी धूळ झटकल्याने जाते. सदऱ्याच्या गळपट्टीवरची धूळ झटकून जात नाही, कारण तेथे मानेचा ओशटपणा तिला धरून ठेवतो. म्हणून शहाणा धोबी धुळीच्या मागे लागत नाही, आधी तेल काढतो. आपले नीतिशास्त्र मात्र बहुधा धुळीच्याच मागे लागलेले असते. अमुक कृत्य केले, तमुक पदार्थ खाल्ला, तमक्याचा स्पर्श झाला, यांची मोजदाद करण्यात त्याचे आयुष्य जाते.

डाग काढणे आणि डागाचा रंग मोडणे यांत जो भेद आहे, तोही धर्मविचारात खोल गेलेला आहे. १७९९ साली चार्ल्स टेनंटने स्कॉटलंडात चुन्यात क्लोरीन मुरवून विरंजक चूर्ण तयार करण्याचे पेटंट घेतले, आणि त्यापूर्वी महिनोगणती कुरणावर पसरून ठेवावी लागणारी कापडे थोड्या अवधीत पांढरी होऊ लागली. हे चूर्ण बहुतेक वेळा डाग उचलून नेत नाही. डागाच्या रेणूची रंग दाखवण्याची शक्ती तेवढी नष्ट करते. द्रव्य तेथेच राहते, नजरेस येत नाही, आणि वस्त्र नेसता येते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात प्रायश्चित्ताच्या फळाविषयी जो निर्णय आहे तो मला येथे आठवतो: अज्ञानाने घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, परंतु जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत मनुष्य केवळ व्यवहाराला योग्य होतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने यावर भाष्य करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या, एक नरकात नेणारी आणि दुसरी समाजव्यवहार रोखणारी. प्रायश्चित्ताने दुसरी संपली तरी पहिली संपलीच असे नाही. या कायदेपंडिताची सचोटी मला फार मोठी वाटते. समाजाने पुन्हा पंक्तीला बसवून घेतले म्हणजे पाप धुतले गेले, असे म्हणण्याचा मोह त्याला सहज होऊ शकला असता. त्याने डाग गेला आणि डाग दिसेनासा झाला या दोन नोंदी निरनिराळ्या ठेवल्या. आजकाल सार्वजनिक जीवनात क्षमा मागण्याची आणि ती मिळाल्याचे जाहीर करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात ही दुसरी नोंद कोणी ठेवीत नाही.

विरंजनाच्याही पलीकडची पायरी निळीची. नीळ काहीच काढत नाही; जुन्या कापडाच्या पिवळटपणावर निळसर छटा चढवून ती डोळ्याला पांढरेपणाचा भास घडवते. तिच्यानंतर तिनोपालसारखी द्रव्ये आली, ती प्रकाशातील न दिसणारे किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे कापड धुतल्याहून अधिक पांढरे दिसते. अध्यासाचे, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप होण्याचे, इतके स्वस्त उदाहरण वेदान्त्यांना पूर्वी मिळाले नाही, हे त्यांचे दुर्दैव म्हटले पाहिजे. पांढऱ्या कपड्यांवरून माणसाची पारख करू नये, एवढा व्यावहारिक बोध पुरेसा असल्यामुळे हा विषय येथेच सोडतो.

कारण याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. मळ कापडावरून गेला, पण गेला कोठे? साबण मळाला मारीत नाही, फक्त वाहून नेतो. घाटावर धुतलेल्या प्रत्येक वस्त्राचा मळ पाण्यात शिल्लक असतो. भागवताच्या नवव्या स्कंधात भगीरथ गंगेला पृथ्वीवर येण्याची विनंती करतो तेव्हा ती हाच प्रश्न विचारते: लोक आपली पापे माझ्यात धुतील, मग ती मी कोठे धुवावी? भगीरथ उत्तर देतो की, साधुपुरुष तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शाने ती पापे नाहीशी होतील, कारण पापहारी हरी त्यांच्या ठायी वसतो. उत्तर भक्तीच्या दृष्टीने सुंदर आहे, पण मला त्याहून प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. शुद्धी हे स्थलांतर आहे, आणि कोणीतरी ते पोटात घेतल्याखेरीज कोणी शुद्ध होत नाही, हे पुराणकाराला दिसले होते. आपल्या विदर्भातील लोणारला हाच जमाखर्च दोन पाण्यांत मांडलेला दिसतो. तेथील धारेचे गोडे पाणी तीर्थ म्हणून पापक्षालनासाठी पूज्य, आणि खालच्या सरोवराचे पाणी इतके खारे की त्यातून डल्ला आणि पापडी नावाचे क्षार निघत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये मिळतात व त्यांपासून सरकारात महसूल जमा होतो, अशी नोंद केली आहे. पापाचा मळ वरच्या पाण्यात, कापडाचा मळ खालच्या क्षाराने, आणि दोहोंवर कोणाचा ना कोणाचा हक्क.

समाजात हा मळ पोटात घेण्याचे काम ज्याच्याकडे आले तो परीट. गावगाड्यात तो बलुतेदार असे. बाळंतिणीची आणि सुतकाची वस्त्रे त्याच्याकडे, आणि लग्नात वऱ्हाडाच्या पायांखाली पायघड्या अंथरण्याचा मानही त्याचाच. कौटिल्याने त्याच्यासाठी बारीक कायदे केले: धुणे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर करावे, अन्यत्र केल्यास वस्त्राची नुकसानी आणि वर सहा पण दंड, गिऱ्हाइकाची वस्त्रे विकल्यास किंवा भाड्याने दिल्यास बारा पण. मनूही त्याला सावरीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हाताने धुण्याची आज्ञा करतो. म्हणजे त्याच्या कारागिरीवर शास्त्राचे पूर्ण लक्ष आहे. पाचव्या अध्यायात तर कारागिराचा हात सदैव शुद्ध, असेही वचन आहे. आणि तोच मनू चौथ्या अध्यायात वस्त्रे धुणाऱ्याचे अन्न खाऊ नये म्हणतो. इतर काही स्मृती रजकाची गणना अंत्यजांत करतात. हात शुद्ध आणि हाताचा धनी अशुद्ध, अशी ही मखलाशी आहे.

सोवळ्याची वहिवाट या मखलाशीवरच उभी राहिली. परटाने भट्टी देऊन स्वच्छ केलेले धोतर सोवळ्याला चालत नसे. ते घरी पुन्हा पाण्यातून काढून उंच दांडीवर काठीने वाळत घालावे लागे. उलट रेशमी मुकटा, कद किंवा लोकरीची धाबळी महिनोन् महिने साबणाच्या वाऱ्यालाही गेली नसली तरी सोवळीच. मनूच्याच पहिल्या नियमाची कसोटी येथे लावून पाहावी. वास कशाला आहे? लेप कशावर आहे? धाबळीवर दोन्ही सापडतील, परटाच्या धोतरावर एकही सापडणार नाही. आणि हीच कसोटी जन्माच्या विटाळाला लावली तर काय उरते? ज्याला वास नाही, ज्याचा लेप नाही, जो पाण्याने, क्षाराने, उन्हाने, आम्लाने, अग्नीने किंवा काळानेही जात नाही, आणि ज्याच्या अस्तित्वाला तो आहे असे म्हणणाऱ्याच्या वाणीखेरीज दुसरा पुरावा नाही, असा मळ कोणत्याही जातीच्या मळांत बसत नाही. किरमिजी रंग जात नाही हे खरे, पण तो निदान दिसतो. देवांच्या नावावर खपवलेल्या दुसऱ्या नियमाने अदृष्ट अशुद्धीला शुद्ध ठरवण्याची मुभा दिली होती. आपण तिचा उपयोग धाबळीसाठी केला, माणसासाठी केला नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती धर्मशास्त्राविरुद्ध केली असे अनेकांना वाटते. मला वाटते, द्रव्यशुद्धीच्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक नियम त्या कलमाच्याच बाजूने साक्ष देईल. मनूनेही सर्व शौचांत पैशाच्या व्यवहारातील शौच श्रेष्ठ ठरवून माती आणि पाणी यांना खालची जागा दिली आहे, याची आठवण मात्र सोवळ्यातल्या सावकारांना क्वचितच झाली असेल.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परटाच्या घरी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, या प्रश्नाला वादाने उत्तर दिले नाही. ते गावात आले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत. दिवसाचा मळ खराट्याने आणि रात्रीचा मळ प्रश्नाने, हा त्यांचा साधनभेद मला कोणत्याही स्मृतीतील यादीहून अधिक शास्त्रशुद्ध वाटतो.

एक मळ मात्र अजून राहिला, आणि तो सर्वांत शेवटचा आहे. कापड कितीही चांगले धुतले तरी ते नीट खळबळून काढले नाही तर साबण धाग्यांत राहतो. अशा कापडाला कडकपणा येतो, आणि तो राहिलेला साबणच पुढच्या धुळीला बोलावून धरून ठेवतो. काढणाराच आता काढावयाचा राहिला. ज्यांनी आपले दोष कष्टाने धुतले अशा सत्पुरुषांच्या वागण्यात जो एक किंचित ताठा कधीकधी जाणवतो, तो याच जातीचा. याचे सर्वांत मार्मिक विवेचन पाली वाङ्मयात आहे. आणि ते वाङ्मय मराठी वाचकाला जवळचे झाले याचे श्रेय गोव्यातील साखवाळचे, गाडगेबाबांच्याच जन्मवर्षी जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांना आहे. संयुत्तनिकायात खेमक नावाच्या आजारी भिक्षूची कथा येते. कोसंबी नगरीतील घोषितारामात राहणारे थेर, म्हणजे वडीलधारे भिक्षू, दासक नावाच्या भिक्षूला पुन्हा पुन्हा त्याच्याकडे पाठवून विचारतात की, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांपैकी तू कशाला आत्मा मानतोस? खेमक कळवतो की, मी यांतल्या कशालाही आत्मा मानीत नाही, तरीही मी अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, नाही, कारण ‘मी आहे’ हा भाव अजून गेलेला नाही. निरोपांनी थेरांचे समाधान होईना, तेव्हा तो आजारी भिक्षू काठी टेकीत स्वतः त्यांच्याकडे गेला आणि त्याने वस्त्राचा दाखला दिला. मळलेले वस्त्र धन्याने परटाकडे दिले. परटाने ते खारी माती, क्षार आणि शेण यांनी चोळून स्वच्छ पाण्यात खळबळले. वस्त्र निर्मळ झाले, पण त्याला खाऱ्या मातीचा, क्षाराचा आणि शेणाचा वास राहिला. धन्याने ते सुगंधी पेटीत ठेवले, आणि मग तोही वास गेला. आर्य श्रावकाचेही असेच आहे, असे खेमक म्हणाला. त्याची मोठी बंधने तुटली तरी ‘मी आहे’ हा सूक्ष्म वास उरतो, आणि पाचही स्कंधांच्या उदयाकडे व लयाकडे पाहत राहिल्याने पुढे तोही जातो.

हे प्रवचन चालू असता ते ऐकणाऱ्या सुमारे साठ थेरांचे, आणि ते सांगणाऱ्या खेमकाचेही चित्त आसवांपासून, म्हणजे मनात मुरलेल्या मळांपासून, मुक्त झाले, अशी नोंद करून ते सूत्र संपते.